पळायला जागा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासा मेला की पहिला संशय पाण्यावर जातो. क्षारता मोजली जाते, अमोनिया आणि नायट्राइट तपासले जातात, थर्मामीटर पुन्हा पुन्हा पाहिला जातो. संशय गैर नसतो, कारण समुद्री मासे पाण्यातल्या लहानशा बदलानेही दगावतात. पण कधीकधी सगळे आकडे जागच्या जागी असतात आणि तरीही परवाच आणलेला मासा पंपाच्या पाइपामागे, वरच्या कोपऱ्यात, शेपटीच्या चिंध्या झालेल्या अवस्थेत सापडतो. मग दुसरा संशय टाकीतल्या जुन्या माशावर जातो. तो खुनशी निघाला, असं म्हणून विषय संपतो. मला हा निकाल मान्य नाही. हद्द सांभाळणं हा या माशांचा स्वभाव आहे यात शंका नाही. पण हद्दीवरून झालेल्या भांडणाचा शेवट मृत्यूत होणं हे बहुतेक वेळा टाकीच्या रचनेतून येतं, आणि रचना माणूस करतो. प्रवाळावर दिवसभर चालणारी हीच चकमक काही क्षणांत मिटते, कारण हरलेला निघून जातो. टाकीत त्याला निघून जाता येत नाही. म्हणून हद्दवाले मासे एकत्र ठेवायचे असतील तर ‘कोणता मासा शांत’ यापेक्षा ‘हरलेला कुठे जाणार’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

हद्द राखण्यामागे माशाची काही ना काही निकड असते. कुणाला रात्री शिरायला कपार हवी असते, कुणाची अंडी खडकाला चिकटवलेली असतात आणि नर त्यांची राखण करत असतो. डॅमसेल कुळातले काही मासे तर खडकावर चक्क शेवाळाची शेती करतात. नको असलेली शेवाळं उपटून दूर नेऊन टाकतात, हवं ते वाढू देतात, आणि चरायला आलेल्या कितीतरी मोठ्या माशाला, प्रसंगी पाणबुड्याच्या हातालाही, धडक देऊन हाकलतात. बोटभर लांबीच्या जिवात हे धाडस येतं कुठून, याचं उत्तर निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाच्या एका साध्या प्रयोगात आहे. पाठीवर काटे असलेल्या स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशाचे दोन नर त्याने दोन काचेच्या नळ्यांत ठेवले. दोन्ही नळ्या पहिल्या नराच्या हद्दीत नेल्या की पहिला दुसऱ्यावर तुटून पडू पाहायचा आणि दुसरा पळू पाहायचा. त्याच नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की उलटं व्हायचं. मासे तेच, काच तीच, बदलली ती फक्त जागा. खुनशीपणा हा माशाचा कायमचा गुण असता तर असं झालं नसतं. आपल्या जागी हल्ला करायचा आणि परक्या जागी काढता पाय घ्यायचा, या दोन्ही प्रेरणा एकाच माशात असतात आणि दोन्ही मिळूनच भांडण संपवतात. टाकीत यातली पहिली शाबूत राहते आणि दुसरी निकामी होते. हरलेला मासा पळतो, चार फुटांवर काच लागते, तो वळतो, आणि वळला की पुन्हा जिंकलेल्याच्या नजरेस पडतो. जिंकलेल्याच्या दृष्टीने घुसखोर अजून गेलेलाच नसतो. त्यामुळे हल्ला थांबत नाही, आणि हरलेला उपाशी, जागा, कोपऱ्याला चिकटलेला राहतो. पुढे त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागतात. ते ठिपके उमटवणाऱ्या परजीवीने मेला असं आपण म्हणतो, पण त्याची ताकद आधीच कुठे खर्ची पडली होती ते आपण पाहिलेलं नसतं.

हद्द म्हणजे एक रेष, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती रेषांचा एक संच असते. पश्चिम अटलांटिकमधल्या तीन ठिपक्यांच्या डॅमसेलवर मायरबर्ग आणि थ्रेशर या अभ्यासकांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेलं काम मला या बाबतीत फार मोलाचं वाटतं. वेगवेगळ्या जातींचे मासे पारदर्शक बरण्यांत ठेवून त्यांनी त्या बरण्या डॅमसेलच्या घराकडे हळूहळू नेल्या आणि तो कुठल्या अंतरावर हल्ला करतो ते पाहिलं. स्वतःच्या जातीच्या माशाला तो सर्वांत लांबून अडवायचा. इतरांना किती जवळ येऊ द्यायचं हे जातीनुसार ठरायचं. म्हणजे एकाच माशाभोवती, समोर कोण आहे त्यानुसार, लहानमोठी वर्तुळं असतात. एकाच जातीचे, एका आकाराचे किंवा एकाच खाण्यावर जगणारे मासे एकत्र ठेवू नयेत, हा जाणत्यांचा जुना नियम यातून समजतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. घरातल्या टाकीत सर्वांत मोठं वर्तुळ काचेच्या बाहेर जातं. स्वजातीयाला सहन करता येईल असं अंतर टाकीत कुठेच उरत नाही. परक्या जातीचं लहान वर्तुळ मात्र काचेच्या आत बसू शकतं, आणि आपल्याला जे काही साधायचं ते तेवढ्याच फटीत साधायचं असतं.

पहिला आक्षेप मोठ्या माणसाच्या नावाने येतो. कोनराड लोरेन्झ, ज्याला १९७३ साली टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल मिळालं, त्याचं आक्रमकतेवरचं १९६३चं पुस्तक प्रवाळावरच्या माशांपासूनच सुरू होतं. जाहिरातीच्या फलकासारखे भडक रंग असलेले मासे स्वजातीयांवर सर्वांत जास्त तुटून पडतात, टाकीत अशा जातीचा सहसा एकच उरतो, हे त्याने स्वतःच्या टाक्यांत पाहिलं होतं. आक्रमकता आतून साठत जाते आणि तिला वाट हवी असते, असा निष्कर्ष त्याने काढला. तो खरा असेल तर रचनेने काय होणार, दगड कसेही मांडा, साठलेलं बाहेर पडणारच, असं कुणी म्हणेल. आक्रमकता अशी आपोआप साठते या कल्पनेला पुढच्या अभ्यासकांनी मोठा विरोध केला, आणि रंगाचा नियमही त्याने मांडला तितका सरळ टिकला नाही. पण ते बाजूला ठेवू, कारण लोरेन्झचं स्वतःचंच एक उदाहरण माझ्या बाजूने बोलतं. आपल्या दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या निमखाऱ्या पाण्यात राहणाऱ्या एका नारिंगी चिक्लिड माशाची जोडी टाकीत एकटी ठेवली की नर मादीलाच छळायचा. मध्ये काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली की तो राग शेजाऱ्यावर निघायचा आणि घरात शांतता नांदायची. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की मादीचे हाल पुन्हा सुरू व्हायचे. यावरून काही छंदिष्ट ‘राग काढायला टाकीत एखादा स्वस्त मासा सोडा’ असा सल्ला काढतात, तो मला क्रूर वाटतोच आणि चुकीचाही वाटतो. लोरेन्झच्या टाकीत शेजाऱ्याला कुणी चावत नव्हतं, कारण मध्ये काच होती. आणि मादीला मार बसत होता तो, नराला वाट मिळाली नाही म्हणून जितका, तितकाच तिला त्या टाकीतून बाहेर पडता येत नव्हतं म्हणूनही.

आता सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या सवयीकडे येतो. नव्या टाकीत जिवाणू स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. माशांच्या उत्सर्जनातला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने कमी विषारी नायट्रेटमध्ये बदलणारे हे जिवाणू रुजेपर्यंत नाजूक मासे त्या पाण्यात तग धरू शकत नाहीत. म्हणून आधी एखादा चिवट आणि स्वस्त मासा सोडावा असं सांगितलं जातं, आणि चिवट व स्वस्त म्हणजे बहुतेक वेळा डॅमसेल. निळा, पिवळ्या शेपटीचा किंवा काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला. तो जगतो, पाणी तयार होतं, मग महागडे, हवेसे मासे येतात, आणि त्यांच्यावर हल्ले सुरू होतात. लोक म्हणतात, डॅमसेल वाईट. मी म्हणेन, क्रम वाईट. प्रवाळावरच्या माशांत आधी पोहोचणाऱ्याला मिळणारा फायदा हा आता पर्यावरणशास्त्रातला नीट तपासलेला विषय आहे. ग्लेन अल्मनीने २००३ साली डॅमसेलसह इतर जातींवर आणि शेन गिएन्ज व एड्रियन स्टायर यांनी २००९ साली रॅस कुळातल्या माशांवर हे दाखवलं की, खडकाच्या तुकड्यावर कोण आधी स्थिरावला यावरून नंतर येणाऱ्याचं नशीब बरंचसं ठरतं. समुद्रात जो क्रम योगायोगाने ठरतो तो टाकीत आपण ठरवतो, आणि आपण तो उलटा ठरवतो. ज्याला हद्दीची भूक सर्वांत मोठी, त्यालाच रिकामी टाकी आणि महिनाभराची मुदत देतो. टाकी मासा न सोडताही तयार करता येते. थोडा शुद्ध अमोनिया किंवा माशांचं खाद्य कुजायला ठेवून जिवाणू वाढवता येतात. मग सर्वांत भित्रा मासा आधी, सर्वांत हट्टी शेवटी. आणि हट्टी आधीच आत असेल तर नवा मासा सोडण्याच्या दिवशी दगडांची मांडणी मोडून पुन्हा करायची, म्हणजे जुन्याची हद्दच जागेवर उरत नाही आणि दोघेही एकाच वेळी नवखे ठरतात. नव्याला आधी काही दिवस भोकं पाडलेल्या ॲक्रिलिकच्या डब्यात, त्याच पाण्यात, दिसेल पण चावता येणार नाही असं ठेवलं तर फायदा होतो. हद्दवाले प्राणी ओळखीच्या शेजाऱ्याला परक्यापेक्षा कमी त्रास देतात, ही पक्ष्यांपासून माशांपर्यंत अनेकांत आढळलेली गोष्ट आहे.

इथे कुणी म्हणेल, पळायला जागा नसली तरी क्लाउनफिश एकत्र राहतातच ना? हा आक्षेप खरा आहे आणि त्याने माझं म्हणणं मला दुरुस्त करावं लागतं. क्लाउनफिश समुद्रफुलाच्या विषारी सोंडांत राहतो. तिथून हाकलला गेलेला मासा उघड्या पाण्यात फार काळ वाचत नाही. म्हणजे समुद्रातही त्याला निघून जायला खरी जागा नसते. तरी एका समुद्रफुलात एक मोठी मादी, तिच्याहून लहान नर आणि त्याहूनही लहान काही अविवाहित असे सगळे नांदतात. मादी मेली तर नराचीच मादी होते आणि पुढच्या क्रमांकाचा मासा नर होतो. हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. पीटर बस्टनने २००३ साली दाखवलं की यातला खालच्या क्रमांकाचा मासा स्वतःची वाढ रोखून धरतो, वरच्याच्या आकाराजवळ जात नाही, म्हणून वरच्याला त्याला हाकलण्याचं कारण उरत नाही. निघून जाणं शक्य नसेल तिथे शांतता टिकते ती उतरंडीवर, आणि उतरंड दिसते अंगाच्या आकारात. म्हणून क्लाउनफिशची जोडी करायची तर दोन लहान, एकमेकांपेक्षा स्पष्ट लहानमोठी पिल्लं एकत्र आणायची असतात. बरोबरीचे दोन प्रौढ आणले की ही व्यवस्थाच कोलमडते. पण ही सोय क्लाउनफिशच्या घडणीत आहे, ती आपण दुसऱ्याच्या अंगी लादू शकत नाही. अनेक अँजेल माशांना आणि सर्जन माशांना अशी उतरंड मानवत नाही. सर्जन माशाच्या शेपटीच्या मुळाशी वस्तऱ्यासारखं पातं असतं; टाकीत दोन बरोबरीचे सर्जन एकमेकांना भिडले की ते पातं कामाला येतं. ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट २००३मध्ये आला तेव्हापासून निमो आणि डोरी हवेत अशी मुलांची मागणी असते. यातला पहिला हाताच्या बोटाएवढा राहतो. डोरी, म्हणजे निळा सर्जन, जवळजवळ फूटभर लांब होते आणि तिला लांबलचक पोहायचं असतं. दोघांना एकाच दिवशी एकाच टाकीत आणणं म्हणजे दोन निराळ्या व्यवस्थांचे जीव एका मापात बसवणं आहे. त्यातला क्लाउनफिश घरासाठी खरोखर योग्य वाटतो, याला आणखी एक कारण आहे. मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडला की पलीकडे ऐरोलीत किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे कांदळवन प्रतिष्ठानने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या तांत्रिक साहाय्याने समुद्री शोभिवंत माशांचं बीजोत्पादन केंद्र उभारलं आणि क्लाउनफिशची पैदास केली. अशा केंद्रात जन्मलेल्या पिल्लाने प्रवाळ पाहिलेला नसतो, त्याला समुद्रफुलाचीही गरज पडत नाही. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा ते टाकीला लवकर सरावतं.

त्याच पुलाखालच्या चिखलात हद्दीचा आणखी एक जाणकार राहतो, तो म्हणजे निवटी. ठाणे खाडी फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध झाली. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ झाली. पण ओहोटीला तिच्या काठावर नजर टाकली तर चिखलावर चालणारे, पंख उभारून एकमेकांना दटावणारे हे मासेच जास्त दिसतील. आपल्याकडच्या निवटीच्याच एका वंशातल्या माशांवर डेव्हिड क्लेटन या संशोधकाने कुवेतच्या उपसागरात अभ्यास करून १९८७ साली एक निबंध लिहिला. दाट वस्तीत हे मासे आपापल्या हद्दीभोवती चिखलाचे बांध घालतात. वरून पाहिलं तर सगळा चिखल बहुकोनी वाफ्यांत वाटलेला दिसतो. त्या बांधांनी शेजारी एकमेकांच्या नजरेआड होतात आणि चकमकी घटतात; म्हणूनच इतकी दाटी शक्य होते, असं या अभ्यासातून पुढे आलं. मला हे फार सुंदर वाटतं. मासा स्वभाव बदलत नाही, आडोसा बांधतो. लोरेन्झच्या शेवाळलेल्या काचेशी याचा विरोध दिसेल: तिथे शेजारी दिसेनासा झाल्यावर भांडण वाढलं, इथे घटलं. पण तिथे भांडण वाढलं ते बंद पेटीतल्या जोडप्यात, ज्यातल्या एकाला जायला वाट नव्हती. निवटीच्या प्रत्येक वाफ्यात मात्र खाली खोल बीळ असतं. आडोसा आणि बीळ, दोन्ही असतील तरच बांधाचा उपयोग. टाकीत दगड रचताना हेच लक्षात ठेवायला हवं. सर्रास दिसणारी रचना म्हणजे मागच्या काचेला टेकवलेला दगडांचा एक सलग ढीग. तो छान दिसतो, पण समोरचं सगळं पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडं पडतं आणि एकच मासा सगळ्या ढिगावर ताबा सांगू शकतो. त्याऐवजी दोन किंवा तीन सुटे उंचवटे, मध्ये मोकळी वाळू, आणि प्रत्येक उंचवट्यात आरपार जाणारी कपार. एका तोंडाची गुहा नको, कारण तिच्यात शिरलेला मासा कोंडीत सापडतो. हे दगड समुद्रातून तोडून आणलेल्या प्रवाळाचे नसावेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१पासून प्रवाळाला आणि समुद्रघोड्यालाही कडक संरक्षण दिलं आहे. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे तुकडेही काही महिन्यांत जिवाणूंनी आणि शेवाळाने भरतात. माशाला त्यातला फरक कळत नाही.

‘सवय होईल’ असं अनेकदा ऐकू येतं. त्यामागे, मला वाटतं, आपल्या शहराबद्दलचा एक अभिमान आहे. मुंबईत सगळे ॲडजस्ट करतात, तर मासे का नाही करणार? लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो आणि कुणी कुणाला मारत नाही, हे खरं आहे. पण तो चौथा घाटकोपरला किंवा मुलुंडला उतरणार असतो, आणि बाकीच्या तिघांनाही ते माहीत असतं. शिवाय आज सरकणाऱ्याला उद्या कुणीतरी सरकून जागा देणार असतं. माणसाची सोशिकता या दोन गोष्टींवर, उतरण्याच्या स्टेशनावर आणि परतफेडीच्या भरवशावर, उभी आहे. माशाला परतफेड ठाऊक नाही आणि टाकीला स्टेशन नाही. ज्याला आपण सवय म्हणतो ती पुष्कळदा हरलेल्या माशाची शरणागती असते: तो खायला पुढे येत नाही, रंग फिका पडतो, एकाच कोपऱ्यात तरंगत राहतो. भांडण दिसेनासं होतं म्हणून ते मिटलं असं आपण धरून चालतो.

याहून वजनदार आक्षेप अनुभवी लोकांचा आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे गोड्या पाण्यातले चिक्लिड मुद्दाम दाटीने ठेवले की हल्ले वाटले जातात, एकाच माशावर सगळा मारा होत नाही, हे त्यांनी करून पाहिलेलं आहे आणि ते खरं आहे. समुद्री माशांतही लहान हिरव्या क्रोमिसचा थवा ठेवून हेच करता येईल, असं ते म्हणतात. मला यात दोन अडचणी दिसतात. गोड्या पाण्यात दाटीमुळे बिघडणारं पाणी वारंवार बदलता येतं. खाऱ्या टाकीत बदलायचं प्रत्येक लिटर आधी आरओ करून, त्यात समुद्री मीठ विरघळवून, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास आणून घालावं लागतं. वर्सोव्याचं किंवा गोराईचं पाणी आणून भागत नाही. ते गढूळ असतं, त्यात सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात ते इतकं पातळ होतं की माशांना चालत नाही. दुसरी अडचण अशी, की दाटीने हल्ले वाटले जातात, संपत नाहीत. छोट्या टाकीत ठेवलेल्या क्रोमिसच्या थव्यातून एकेक मासा कमी होत जाताना अनेकांनी पाहिलेला आहे. प्रत्येक वेळी सर्वांत खालचा जातो, आणि मग त्याच्या वरचा खालचा होतो.

मग मोठी टाकी घ्या, असं कुणी सांगेल. तत्त्वतः बरोबर आहे. पण उपनगरातल्या घराला हे सांगणं सोपं नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. दगड, काच आणि स्टँड धरून वजन ४०० किलोच्या घरात जातं, आणि ते सगळं सहा चौरस फुटांवर उभं राहतं. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीच्या जमिनीसाठी धरलेला चल भार चौरस मीटरला साधारण २०० किलो असतो. टाकीखाली तो तिपटीहून जास्त होतो, म्हणून ती तुळईजवळ, भिंतीला लागूनच ठेवावी लागते, आणि जुन्या इमारतीत तर अभियंत्याला विचारूनच. त्यात मे महिन्यात पाणी २७ अंशांच्या आत ठेवायचं म्हणजे चिलर आणि विजेचं बिल. पुनर्वसनाच्या ३०० चौरस फुटांच्या घरात हे सगळं बसवणं बहुतेकांना शक्य नाही. याचा अर्थ हा छंद फक्त श्रीमंतांचा, असा मी लावत नाही. माझं म्हणणं असं, की टाकी मोठी करता येत नसेल तर हद्दी कमी करा. शंभर लिटरमध्ये क्लाउनफिशची एक जोडी आणि वाळूत राहणारा एक गोबी सुखाने राहतील. गोबीबरोबर पिस्तूल कोळंबी ठेवली तर पाहण्यासारखं असतं: कोळंबी बीळ खणते, गोबी दाराशी पहारा देतो, तिची मिशी त्याच्या अंगाला टेकलेली असते. जोडीची हद्द दगडाच्या एका टोकाला, याची वाळूत, आणि एकाच्या खाण्याचा दुसऱ्याच्या खाण्याशी संबंध नाही. तीन माशांची टाकी रिकामी दिसते अशी तक्रार येते. १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मुंबईकरांच्या पिढ्यांना भरलेल्या, रंगांनी खच्चून गेलेल्या टाक्या पाहायला शिकवलं, त्याचा हा परिणाम असावा. पण तिथे राखीव टाक्या होत्या, कर्मचारी होते, खोडी काढणारा मासा दुसरीकडे हलवता यायचा. घरात तो हलवायचा कुठे?

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे. समुद्र तरी कुठे दयाळू आहे? तिथे तर यातल्या बहुतेकांना कुणीतरी खाऊनच टाकलं असतं. हे खरं आहे. पण समुद्रातल्या मृत्यूची जबाबदारी कुणावर नसते. ज्याने दोन मासे एका पेटीत घातले आणि झाकण लावलं, त्याच्यावर ती येते. हीच जबाबदारी पहिला मासा विकत घेण्याच्या आधी सुरू होते, कारण भांडण सुरू झाल्यावर करता येण्यासारखं फार थोडं असतं. पन्नास-साठ लिटरची एक साधी टाकी, स्पंज फिल्टर आणि पाइपाचे दोन तुकडे एवढं बाजूला तयार असेल तर मार खाणाऱ्याला आठवडाभर विसावा देता येतो. किंवा मारणाऱ्याला काढून ठेवता येतं, आणि बहुतेक वेळा तेच जास्त उपयोगी पडतं. परत आल्यावर जुनी हद्द दुसऱ्यांनी वाटून घेतलेली असते. काढलेला मासा जुहूच्या किंवा अक्साच्या समुद्रात सोडण्याचा विचार मात्र कुणी करू नये. तो दुसऱ्या समुद्रातून आलेला असू शकतो, त्याच्या अंगावरचे रोगही. फ्लोरिडाजवळ १९८५ साली पहिला लायनफिश दिसला. तो घरांतल्या किंवा विक्रेत्यांच्या टाक्यांतून सुटला असावा असं मानलं जातं, आणि आज त्याने कॅरिबियनमधले प्रवाळ व्यापले आहेत. म्हणून कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात मासा पसंत करताना किंमत विचारण्याआधी विचारायचं ते असं: पूर्ण वाढल्यावर हा किती मोठा होतो, सध्या त्याच्या टाकीत दुसरं कोण आहे, आणि जमलं नाही तर तुम्ही तो परत घ्याल का? परत घ्यायला तयार असलेला दुकानदार गाठून ठेवणं हे टाकीतल्या दगडांइतकंच रचनेचा भाग आहे.